मोगरीला बांधायचा दगड

एकदा एका खाडीच्या मुखाशी मचवे बांधण्याचे एक जुने आवार होते. ओहोटीला तिथला चिखल उघडा पडे आणि भरतीला पाणी थेट आवाराच्या कुंपणापर्यंत येई. या आवाराचा मुख्य कारागीर एक वृद्ध ख्रिस्ती सुतार होता. नाव मिंगेल, पण सारे त्याला मेस्त्रीच म्हणत. काम सुरू करण्यापूर्वी तो लाकडावर हात ठेवून क्षणभर डोळे मिटी आणि रविवारी अवजाराला शिवत नसे. याहून अधिक त्याच्या धर्माची खूण कामाच्या जागी कोणाला दिसत नसे.

त्याच्या हाताखाली पास्कू नावाचा एक तरुण शिष्य होता. तोही ख्रिस्तीच. हाताला कुशल, मनाने सरळ, परंतु अतिशय भिडस्त. ख्रिस्ती माणसाने कामावर भांडू नये, वरिष्ठापुढे शब्द वाढवू नये, अन्याय दिसला तर मनात प्रार्थना म्हणावी आणि पुढचे काम हाती घ्यावे, अशी त्याची समजूत होती. या समजुतीला त्याने नम्रता असे नाव दिले होते. नाव चांगले असले की आतला माल सहसा कोणी तपासून पाहत नाही.

पुढे जे घडले ते कळण्यासाठी त्या आवारातला एक प्रघात आधी सांगितला पाहिजे.

मचवा बांधून झाला की तो पाण्यात लोटण्यापूर्वी पाणीच त्याच्या पोटात भरीत. मचवा टेकूंवर उभा असे, आणि माणसे रांग धरून खाडीचे पाणी डब्या-डब्याने आत ओतीत. बाहेरून सारे फळ्यांकडे पाहत राहत. जिथे सांधा कच्चा असेल तिथे ओल फुटे. फळ्यांमधल्या फटींत तेल-राळेत भिजवलेला कापूस ठोकून बसवणे हे एका वेगळ्या कारागिराचे काम. त्याचे अवजार म्हणजे लाकडी मोगरी. त्याचा सांधा गळला, तर ही मोगरी खाडीत बुडवीत. लाकूड तरंगते, म्हणून तिला दगड बांधीत. एकदा मोगरी बुडाली की त्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही आवारात त्या माणसाला काम मिळत नसे. त्यासाठी कुठे काही लिहून ठेवावे लागत नसे, दवंडी पिटावी लागत नसे. शिक्षा जितकी मुकी, तितकी ती दूरवर पोहोचते, हे लोकाचाराला फार पूर्वी कळलेले आहे.

या प्रघाताचा एक बारकावा महत्त्वाचा. दगड बांधायचा तो मुख्य मेस्त्रीने, आणि मोगरी फेकायची तीही त्यानेच. मालकाने फेकली तर ती नुसती फेकलेली मोगरी ठरे. मालकाचा राग आणि कारागिराचा निवाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा विवेक त्या प्रघाताने राखला होता.

आवारात सांधे भरणारा कारागीर होता हिराजी. त्याचा हात पक्का होता आणि जीभ त्याहून पक्की होती. देव, सरकार, मालक, मेस्त्री, कोणीही त्याच्या तोंडून सुटत नसे. सोमवारी सकाळी मेस्त्री दिसला की तो मोठ्याने विचारी, "काय मेस्त्री, काल देवाकडे माझं नाव काढलंत की नाही?"

मेस्त्री म्हणे, "काढलं. देव म्हणाला, हा कोण ते मला माहीत आहे, पुढे बोल."

सगळे हसत. हिराजी सर्वांत मोठ्याने हसे.

त्या वर्षी एका नाखव्याचा मोठा मचवा बांधायला घेतलेला होता. नाखवा म्हणजे होडीचा धनी. हा स्वतःही समुद्रावर जाणारा होता, आणि त्याचे दोन भाऊ व पुतणे त्याच्या बरोबर जाणारे होते. मचवा मोसमाच्या आरंभी पाण्यात हवा, एवढेच त्याने बजावले होते. काम अर्ध्यावर आले आणि मिंगेल मेस्त्री तापाने अंथरुणाला खिळला. नेमके त्याच सुमारास मुरलेले लाकूड संपले.

आवाराचा मालक तरुण होता. वडील गेल्यानंतर गादीवर आला होता आणि आपण वडिलांपेक्षा चलाख आहोत हे सिद्ध करण्याची त्याला घाई होती. त्याने कुठूनशी ताज्या तोडीची लाकडे आणवली, त्यांच्या फळ्या पाडल्या आणि पास्कूला म्हणाला, "एक बाजू राहिलीय ना? लावून टाक."

फळ्या ओल्या होत्या. हे समजायला कोणत्याही विद्येची गरज नव्हती. हात लावला की तळवा ओला होई. आवारातल्या झाडूवालीलाही ते ठाऊक होते. ठाऊक नसल्यासारखे वागणे एवढेच प्रत्येकाच्या हाती होते, आणि बहुतेकांनी ते केले.

हिराजीने केले नाही. मोगरी खांद्यावर टाकून तो मालकासमोर उभा राहिला. "शेठ, ही फळी अजून रडतेय. हिच्यात कापूस भरू की हिचे डोळे पुसू?"

"तू कापूस भर. तुला मोगरी चालवायला ठेवलाय, तोंड चालवायला नाही."

"आज भरीन. उन्हात ही आटली की सांधा सुटेल. मग म्हणाल, हिराजीचा हात गेला."

मालकाने तोंड फिरवले. तेव्हा हिराजी पास्कूकडे वळला. "अरे, तू तरी बोल. मेस्त्री नसताना मेस्त्री तू. तू नाही म्हणालास तर यांनाही थांबावं लागेल."

पास्कूने खाली पाहिले. "शेठ म्हणतायत तर... लावू या."

"लावू या!" हिराजीने त्याची नक्कल केली. "वा रे नम्र माणसा. गायीने तुझ्याकडे शिकायला यावं."

पास्कूने ते ऐकून घेतले. संध्याकाळी तो चर्चमध्ये गेला, ओल्या फळ्यांविषयी त्याने मनापासून प्रार्थना केली, आणि त्याला हलके वाटले. हे हलके वाटणे म्हणजेच देवाचे उत्तर, असे त्याने मानले.

फळ्या लागल्या, सांधे भरले गेले, वरून तेल चढले. ऊन तापत राहिले.

पाणी भरण्याच्या दिवशी सकाळी मेस्त्री उठून कामावर आला. चेहरा उतरलेला होता, पण पाय स्थिर होते. मचव्याभोवती फेरी मारताना तो नव्या बाजूशी थांबला. फळीवरून हात फिरवला. मग त्याने पास्कूला हाक मारली.

"या कोणी लावल्या?"

"शेठ म्हणाले की..."

"शेठ काय म्हणाले ते शेठला विचारीन. लावल्या कोणी?"

"मी, काका."

 हातातली लाकूड तासायची तासणी मेस्त्रीने सावकाश ओट्यावर ठेवली आणि तो मालकाकडे गेला. माणसे डबे घेऊन रांगेत उभी राहत होती. जे बोलणे झाले ते सर्वांना ऐकू गेले.

"शेठ, आज पाणी भरू नका. या बाजूच्या फळ्या काढाव्या लागतील."

"मेस्त्री, नाखवा येतोय बघायला. आज!"

"म्हणूनच सकाळी सांगतोय."

"तुम्ही तापातून उठलाय. घरी जाऊन पडा जरा."

"ताप उतरला. फळ्या ओल्या लागल्यात, शेठ. आटल्या की सांधा सोडणार. इथे सोडला तर चिखलात गळेल. बाहेर सोडला तर नाखव्याची माणसं जातील."

मालकाच्या कानशिलापर्यंत रक्त चढले. गिऱ्हाईक यायच्या वेळी, सगळ्या माणसांदेखत, वडिलांच्या काळच्या नोकराने शिकवावे! त्याचा हात उठला आणि मेस्त्रीच्या गालावर बसला. टोपी उडून चिखलात पडली.

"आवार माझ्या बापाचं आहे," मालक म्हणाला, "तुझ्या नाही!" आजवर तो मेस्त्रीला अहो-जाहो करीत आला होता.

 मेस्त्री एक पाऊलही मागे सरकला नाही. त्याने हात उचलला नाही, गालालासुद्धा लावला नाही. मालकाच्या डोळ्यांत पाहत, मघाच्याच आवाजात, तो म्हणाला, "फळ्या काढाव्या लागतील, शेठ."

मालक पाठ फिरवून निघून गेला. मेस्त्रीने वाकून टोपी उचलली, झटकली आणि चिखलासकट डोक्यावर ठेवली.

हिराजी रांगेतून म्हणाला, "काय मेस्त्री, तुमच्यात गाल पुढे करायची पद्धत आहे म्हणतात. केलात बुवा! आता काय, पाठसुद्धा द्यायची का?"

कोणी हसले नाही. पास्कूला मात्र शरमेने जमिनीत जावेसे वाटले. आणि त्या शरमेखाली, त्याच्या नकळत, थोडे समाधानही होते. काकासुद्धा शेवटी माझ्यासारखेच वागले, असे त्याला वाटले. गप्प राहून मार खाणे आणि गप्प राहून काम करणे यांत त्याला अजून फरक दिसत नव्हता.

नाखवा आला. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. मालकाने खूण केली आणि पाणी भरायला सुरुवात झाली. डबे हातोहात वर जाऊ लागले आणि मचव्याच्या पोटात पाण्याचा आवाज आधी पोकळ, मग भरीव होत गेला. नाखवा तळवा फळ्यांना लावून हळूहळू फिरत होता. जुनी बाजू त्याने न थांबता पार केली. नव्या बाजूला येऊन थांबला.

सांध्याच्या रेषेत एक काळपट ओल उमटली होती. बघता बघता ती लांबली. मग तिच्यातून थेंब सुटले आणि एकामागून एक चिखलात पडू लागले.

नाखव्याने विचारले, "हे काय?"

मालकाकडे उत्तर तयार होते. ते सुचायला त्याला क्षणही लागला नाही, यावरून ते आधीच सुचलेले होते असे म्हणावे लागेल. "सांधा कच्चा राहिलाय. हिराजी, कोणी भरला हा सांधा?"

हिराजी पुढे आला. "मी भरला. फळी कोणी आणली तेही विचारा की!"

"सांधा तुझा?"

"सांधा माझा."

"झालं तर. नाखवा, आमच्याकडे अशा माणसाचं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मेस्त्री, मोगरी घ्या त्याची. दगड बांधा."

कोणीतरी दगड आणून हिराजीच्या पायाशी ठेवला. सबंध आवाराने इतकी वर्षे ज्याला बोलताना ऐकले होते, त्याला त्या क्षणी बोलता आले नाही. त्याला दुसरे कोणतेही काम येत नव्हते. मोगरी बुडाली की उद्यापासून या किनाऱ्यावर तो कोणीच नव्हता, हे त्याच्याइतके तिथे जमलेल्या प्रत्येकाला समजत होते.

पास्कू मेस्त्रीच्या कानाशी लागला.  "काका, मी सांगतो की चूक माझी. सांधा मीच बिघडवला म्हणतो. दोष मी घेतो. हिराजी सुटेल, शेठचा रागही जाईल."

"सांधा तू बिघडवलास?"

"नाही, पण..."

"मग ते सांगू नको. तू खोटा दोष घेतलास तर हिराजी सुटेल, शेठ सुटेल, आणि फळ्या तशाच राहतील. वर तुला पुण्य केल्यासारखं वाटेल. जी चूक तू केलीस तेवढीच सांग. ती पुरेशी मोठी आहे."

हिराजीला एव्हाना वाचा फुटली होती. आवाज चिरकलेला होता, पण शब्द नेहमीचेच होते. "शेठ, मोगरी बुडवा. पण एक दगड त्या फळ्यांनाही बांधा. नाहीतर तुमची अक्कल तरंगत वर येईल!"

मालक त्याच्यावर धावला आणि त्याचा हात उठला. सकाळी उठला होता तोच हात, तितक्याच वेगाने.

तो हिराजीपर्यंत पोहोचला नाही. मेस्त्रीने तो हवेतच मनगटाशी धरला होता.

सबंध आयुष्य लाकूड तासलेल्या त्या पंजात मालकाचे मनगट पोराच्या मनगटासारखे दिसत होते. मेस्त्रीने ते पिरगाळले नाही, ढकलले नाही. नुसते जिथल्या तिथे थांबवून धरले.

"सोड!" मालक ओरडला.

"हात खाली येणार असेल तर आत्ता सोडतो."

"सकाळी कुठे गेली होती ही मस्ती? सकाळी तर गाल पुढे करून उभा होतास!"

"तो माझा होता," मेस्त्री म्हणाला.

मालकाचा हात सैल पडला. मेस्त्रीने तो सोडून दिला. मग त्याने हिराजीच्या हातातली मोगरी मागून घेतली, सर्वांना दिसेल अशी वर धरली आणि पुन्हा हिराजीच्या हातात दिली. "मी हिला दगड बांधणार नाही. सांधा चांगला भरलेला आहे. फळी ओली होती."

"तर मग तू मेस्त्री नाहीस!" मालकाचा आवाज फाटला. "या घटकेपासून नाहीस. हा पास्कू मेस्त्री. पास्कू, ऐकतोयस ना? हेड मेस्त्री तू. तुझा पगारही तोच. घे ती मोगरी, बांध दगड, आणि संपव हे सगळं."

सर्वांच्या नजरा पास्कूकडे वळल्या. एखादा माणूस आयुष्यभर ज्या जागेचे स्वप्न पाहतो ती जागा अशा रीतीने समोर येते, तेव्हा ती नको वाटते. पण नको म्हणायलाही तोंड उघडावे लागते, आणि पास्कूला नेमके तेच कधी जमले नव्हते. तो हिराजीपर्यंत चालत गेला. हिराजीने मोगरी छातीशी धरली नाही, लपवली नाही, पुढे केली. "घे," तो पुटपुटला. "तू काय, शेठ म्हणतील तसं."

पास्कूने मोगरी घेतली नाही. तो वळला, पण मालकाकडे नव्हे, नाखव्याकडे.

"नाखवा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका खाली होता की नाखव्याला मान वाकवावी लागली. "नाखवा, फळ्या ओल्या आहेत. लावल्या मी. मला दिसत होत्या. याने मला सांगितलं होतं, सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मी गप्प बसलो. या माणसाची यात काही चूक नाही." मग त्याचा आवाज थोडा वर आला. "आणि शेठ, मी मेस्त्री असेन तर मेस्त्री म्हणून सांगतो, मोगरी बुडणार नाही. नसेन तर तुमचं मला सांगणंच चुकलं."

रांगेत कोणीतरी डबा खाली ठेवला. 

नाखवा मचव्याकडे पाहत राहिला. थेंब आता धारेसारखे गळत होते. तो ओल्या सांध्यावरून बोट फिरवत म्हणाला, "मचव्यावर याच बाजूला झोपतो माझा धाकटा भाऊ. सवय आहे त्याला, फळीला डोकं लावून झोपायची." मग तो मालकाकडे वळला. "शेठ, मोसम गेला तरी चालेल मला. आधी फळ्या काढा. मग कोणाला काढायचं ते काढा."

 गिऱ्हाइकानेच मचवा नाकारल्यावर गळतीचा दोष सांध्यावर टाकून आता काही साधणार नव्हते. मालक आपल्या खोलीकडे गेला आणि त्याने दार लावून घेतले. मोगरी हिराजीच्याच हातात राहिली. तिच्यासाठी आणलेला दगड हिराजीने उचलला, बराच वेळ तळहातावर तोलला आणि एका टेकूखाली सारून ठेवला. तिथे टेकू जरा हलत होता.

मग तो मेस्त्रीजवळ आला. त्याला काहीतरी बोलायचे होते हे उघड होते, आणि तसे बोलायची सवय नव्हती हेही. शेवटी म्हणाला, "मेस्त्री, रविवारी देवाकडे माझं नाव काढलंत तर... जरा बरं बोला."

"बरंच बोलतो रे. तो ऐकून घेतो, विश्वास ठेवत नाही."

मचव्यातले पाणी सोडून दिले गेले. माणसे पांगली. मेस्त्री ओट्यापाशी गेला, त्याने तासणी आणि पहार उचलली आणि तो नव्या बाजूच्या पहिल्या फळीपाशी बसला.

पास्कू धावत आला. "काका, तुम्हाला कामावरून काढलंय ना?"

"काढलंय. फळ्या मात्र अजून आहेत. तू पलीकडून धर."

दोघे कामाला लागले. खिळे कुरकुरत बाहेर येऊ लागले.  मग पास्कूने विचारले, "काका, एक समजत नाही. सकाळी तुम्ही मार खाल्लात आणि हूं की चूं केलं नाही. हिराजीवर हात उठला तेव्हा मात्र तोच हात धरलात. धर्म सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो का?"

मेस्त्रीने खिळा काढून बाजूला ठेवला.

"सकाळी मला राग आला नव्हता असं समजू नको. तासणी आधी खाली ठेवून गेलो, ती उगाच नाही. दाढही हलतेय बहुतेक. पण तो मार माझ्यावर होता. माझ्या अंगावर आलेलं सोसायचं की परत फेडायचं, हे ठरवायचा हक्क माझा आहे, आणि मी सोसायचं ठरवलं. तो हक्क हिराजीच्या बाबतीत मला कोणी दिला? त्याच्या गालावर बसणारी थप्पड मी शांतपणे पाहिली असती, तर तू म्हणाला असतास, काका किती सहनशील. सोसलं असतं हिराजीने आणि सहनशील ठरलो असतो मी. लोकांत असला धर्म पुष्कळ चालतो, पास्कू. स्वस्त पडतो ना."

"पण क्षमा?"

"क्षमा ज्याला लागलं त्याने करायची. शेठने मला मारलं, मी त्यांना क्षमा केली; ते तिकडे खोलीत बसले आहेत, त्यांना ती हवी की नको ते पाहतील. हिराजीला मारलं असतं तर क्षमा करायची की नाही ते हिराजीने बघितलं असतं. त्याच्या वतीने मी करायला लागलो, तर ती क्षमा नव्हे. ती मालकाची मर्जी राखणं झालं."

पास्कू पहारीवर जोर देत होता. फळी सुटत नव्हती. "म्हणजे मी त्या दिवशी गप्प बसलो, ते..."

"त्या दिवशी तुला कोणी मारलं होतं का?"

"नाही."

"मग तू सोसलंस तरी काय? सोसायचं होतं ते सगळं पुढे हिराजीच्या वाट्याला आलं, आणि त्याच्यानंतर नाखव्याच्या भावाच्या वाट्याला गेलं असतं. तू फक्त तिथून बाजूला झालास. नम्र माणूस बाजूला होत नाही. तो उभा राहतो, मार खातो, आणि फळ्या काढाव्या लागतील हे वाक्य पुन्हा बोलतो. मार त्याला थांबवत नाही, म्हणून तर त्याला उलट मारायची गरज पडत नाही. हे कळलं नाही तर देवाचं नाव घेऊन माणूस भित्रा होतो; आणि भित्र्या माणसाइतका मालकाला सोयीचा भक्त दुसरा नाही."

त्याने पुढचा खिळा उपसला. "आज मात्र तू बाजूला झाला नाहीस."

पास्कूच्या मनात अनेक दिवसांपासून जी गोष्ट नम्रता म्हणून बसलेली होती, ती उठून गेली. तिच्या जागी लगेच काही आले नाही. रिकामेपणाही कधी कधी प्रामाणिक असतो, हे त्याला हळूहळू जाणवले. त्याने पहार थोडी खाली सरकवून पुन्हा जोर दिला. या वेळी फळी सुटली. आतल्या बाजूने ती अजूनही ओलसर होती.

उन्हे उतरता उतरता मालकाच्या खोलीचे दार उघडले. तो येऊन थोड्या अंतरावर उभा राहिला. काढलेल्या फळ्या चिखलात एकीवर एक रचलेल्या होत्या. त्यांच्याकडे पाहत तो म्हणाला, "मेस्त्री, तुम्हाला जा म्हटलं होतं मी."

"हो शेठ. काम झालं की जातो."

"मुरलेलं लाकूड मिळायला वेळ लागेल."

"मग जायलाही वेळ लागेल," मेस्त्री म्हणाला आणि त्याने पुढच्या फळीला तासणी लावली.

मालक आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिला. त्याने राहा म्हटले नाही, आणि जा असेही पुन्हा म्हटले नाही.

आपल्या कामाच्या जागी आपण किती सोसावे हे ज्याचे त्याने खुशाल ठरवावे. शेजारच्याच्या वाट्याचे सोसणे मंजूर करण्याचा अधिकार मात्र कोणत्याही सद्गुणाने कोणाला दिलेला नाही.